गेमसाठी विनामोबदला चित्रं मागताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक जण एकट्यानं गोडोट या गेम बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर (इंजिनवर) वरून दिसणारा टू-डी गेम बनवतो आहे. विषय जागलीचा: रात्री शेतात जागून रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकातून हाकलायचे, सकाळपर्यंत पऱ्हाटी (कापसाचं पीक) आणि तूर वाचवायची. प्रोग्रामिंग बरंच झालंय. चित्रं नाहीत आणि खर्चायला पैसेही नाहीत. आतापर्यंत तिघा चित्रकारांनी हो म्हटलं, थोडंफार काढून दिलं आणि मग मेसेजला उत्तर देणं बंद केलं. विचारणा अशी की चित्रकारांना फुकट काम करायला तयार कसं करावं, आणि नफ्यात वाटा कबूल केला तर ते टिकतील का?

तिघांनी हो म्हटलं होतं, ही यातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. पैसे नाहीत हे कळूनही लोक तयार झाले. घोडं अडलं ते पुढे. ‘टीममध्ये ये, गेमची चित्रं तू कर’ असं म्हटल्यावर आपण किती काम अंगावर घेतलं ते समोरच्याला कळत नाही. दोन चित्रं दिली की आणखी चार मागितली जातात, चार दिली की ‘यात थोडा बदल कर’ येतं, आणि काम कुठे संपणार ते दिसत नाही. पगारी माणूस अशा वेळी जास्तीचे पैसे मागतो किंवा भांडतो. मोफत काम करणाऱ्याला भांडायचा संकोच वाटतो, म्हणून तो गप्प बसतो. तेव्हा तुमची खरी अडचण माणसं मिळवण्याची नाही. मागणीला माप नाही, ही अडचण आहे, आणि ती तुम्हालाच सोडवावी लागेल.

पण त्याआधी एक गोष्ट ठरवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे: हा गेम तुम्ही विकणार आहात का? गेम फुकट असेल, त्यात जाहिराती नसतील आणि चित्रंही इतरांना वापरायला खुली राहणार असतील, तर विनामोबदला मदत मागणं अगदी रास्त आहे. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा गेम २००३ पासून असाच चालत आला आहे. त्यातली बहुतेक चित्रं लोकांनी आवडीनं काढून दिलेली आहेत, आणि कोड व चित्रं दोन्ही खुल्या परवान्यांखाली आहेत. तिथे देणाऱ्याला माहीत असतं की आपलं काम सगळ्यांच्या उपयोगी पडणार आहे. गेम विकायचा असेल तर मात्र ते काम तुमच्या धंद्याचं झालं. मग त्याला स्वयंसेवा म्हणू नका. थोडे का होईना पैसे द्या, किंवा चित्रं आपणच साधी काढा. ‘बघू, चालला तर विकू’ ही मधली वाट चित्रकाराला लगेच समजते आणि तिथेच त्याचा हात थांबतो.

नफ्यातल्या वाट्याबद्दल विचारलंय, तर हिशेब करून बघा. समजा गेम १०० रुपयांना ठेवला आणि २०० प्रती खपल्या. एकट्या माणसाच्या पहिल्या गेमसाठी हा आकडा वाईट नाही. विक्री झाली २०,००० रुपये. स्टीमसारखं गेम विकणारं ऑनलाइन दुकान ३० टक्के कापतं, उरले १४,०००. कर आणि स्टीमची सुरुवातीची १०० डॉलरची फी बाजूला ठेवली तरी चित्रकाराचा १० टक्के वाटा १,४०० रुपये होतो. त्यानं ८० तास काम केलं असेल तर तासाला साडेसतरा रुपये, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला १४० रुपये. रोजगार हमीची मजुरी याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून वाट्याचं आमिष दाखवू नका. ज्याला हिशेब येतो तो यानं टिकत नाही, आणि ज्याला येत नाही त्याची नंतर फसगत होते. वाटा द्यायचाच असेल तर विक्री झाल्यावर आपणहून द्या.

आता माप. ‘एक शेतकरी काढून दे’ हे ऐकायला छोटं वाटतं. तुमचा गेम वरून दिसणारा आहे, म्हणजे शेतकरी चार दिशांना चालतो. डावीकडची चाल उजवीकडचीच उलटी करून वापरली तरी तीन दिशा उरतात. चालण्याच्या ६ फ्रेम (हालचालीतलं एकेक चित्र) धरल्या तर १८. नुसतं उभं राहण्याच्या ४ फ्रेम, तीन दिशा, म्हणजे १२. गोफण फिरवून दगड मारण्याच्या ६, तीन दिशा, म्हणजे आणखी १८. एकूण ४८ फ्रेम. सवयीच्या हाताला एका फ्रेमला २० मिनिटं धरली तरी १६ तास झाले, आणि यात कच्चं रेखाटन आणि दुरुस्त्या धरलेल्याच नाहीत. कॉलेज आणि शेतीची कामं सांभाळून काढणाऱ्या मुलीला हे दीड-दोन महिन्यांचं काम आहे. तुमच्या तिघांपैकी एक जण बहुधा इथेच थकला असेल.

हेच दृश्य बाजूनं दिसणारं केलं तर? मग एकच दिशा: चाल ६, उभं राहणं ४, गोफण ६, एकूण १६ फ्रेम. काम तिपटीनं कमी झालं. बाकीचं इंजिन उलटं करून दाखवतं. फक्त एक बघा, उजव्या हातातली बॅटरी उलट केल्यावर डाव्या हातात जाते. छोट्या आकारात ते खपून जातं, पण ते चालणार आहे हे आधीच ठरवा, नाहीतर चित्रकार दुसऱ्या बाजूच्याही १६ फ्रेम वेगळ्या काढून बसेल. चित्रकार शोधायच्या आधी खेळाची रचना बदलून काम कमी करणं हे तुमचं काम आहे. बाजूचं दृश्य जमत नसेल तर दिशा कमी करा, फ्रेम कमी करा, डुकराला फक्त पळू द्या. हा आकडा खाली आल्याशिवाय कुणालाही मेसेज करू नका.

मग पूर्ण यादी लिहा. एका तक्त्यात प्रत्येक चित्राचं नाव, आकार, फ्रेमची संख्या, अंदाजे तास आणि ते चित्र नसेल तर गेम चालेल की नाही. शेवटचा रकाना सोडू नका. त्यातून कळतं की कोठा (गोठा), बंडी (बैलगाडी), धुऱ्यावरची (बांधावरची) बोर यांच्याशिवाय गेम खेळता येतो, पण डुक्कर आणि पीक यांच्याशिवाय येत नाही. मदत आधी त्याच गोष्टींसाठी मागा. बाकीच्या जागी राखाडी चौकटी राहू द्या. चौकटींवर चालणारा गेम हे चित्रकारासाठी वचनापेक्षा मोठं तारण आहे: हा माणूस काम अर्धवट सोडणार नाही, हे त्याला दिसतं.

पहिली मागणी पाच तासांपेक्षा मोठी नको, आणि ती एकटी वापरता आली पाहिजे. पीक हे यासाठी उत्तम. पऱ्हाटीच्या चार अवस्था घ्या: रोप, पात्या-फुलं, हिरवी बोंडं, फुटलेला कापूस. प्रत्येकीची दोन रूपं, म्हणजे आठ चित्रं. आकार १६ बाय ३२ पिक्सेल, मागे पारदर्शक, खालच्या दोन ओळी मातीला टेकणाऱ्या, उजेड वरून डावीकडून, रंग सोबत दिलेल्या ३२ रंगांच्या तक्त्यातलेच. सोबत तुमच्या शेतातले स्वतः काढलेले फोटो द्या, प्रत्येक अवस्थेचे दोन: एक उभं राहून, एक झाडाच्या उंचीला बसून. ज्यानं पऱ्हाटी जवळून पाहिली नाही तो गोल झुडपावर पांढरे गोळे चिकटवतो. बोंड फुटल्यावर कापूस पाकळ्यांमधून बाहेर लोंबतो आणि तोवर पानं तांबूस पडायला लागलेली असतात, हे फोटोत दिसायला पाहिजे. फोटो स्वतःचे असल्याचा दुसरा फायदा म्हणजे नेटवरच्या चित्रावरून गिरवायचा मोह होत नाही. नवशिके चित्रकार बऱ्याचदा वाईट हेतू नसतानाही गिरवतात, आणि गेम बाहेर आल्यावर ते उघडं पडतं.

मेसेज साधारण असा असावा:

‘नमस्कार ताई. तान्ह्या पोळ्यासाठी तुम्ही रंगवलेले लाकडी बैल पाहिले, झुलीवरची नक्षी फार आवडली. मी जागलीवर मोबाइल गेम बनवतोय. तो फुकट असेल, जाहिराती नसतील. आत्ताही खेळता येतो, ४० सेकंदांचा व्हिडिओ सोबत पाठवतोय. त्यातल्या राखाडी चौकटींच्या जागी चित्रं यायची आहेत. मला पऱ्हाटीची आठ छोटी चित्रं हवी आहेत. मापं, रंग आणि फोटो एका पानावर दिले आहेत. माझ्या अंदाजानं चार-पाच तासांचं काम आहे. पैसे देता येणार नाहीत. चित्रांचे हक्क तुमचेच राहतील आणि तुमचं नाव गेमच्या पहिल्या पडद्यावर असेल. जमेल की नाही ते या महिनाअखेरपर्यंत कळवा. नाही म्हटलंत तरी काही हरकत नाही.’

यात प्रत्येक वाक्याला काम आहे. त्यांचं नेमकं कोणतं काम पाहिलं ते सांगितलं, म्हणजे हा मेसेज वीस जणांना गेलेला नाही हे कळतं. पैसे नाहीत हे स्पष्ट आणि लवकर सांगितलं; चौथ्या मेसेजात सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं. काम कुठे संपतं ते सांगितलं. आणि नकाराला जागा ठेवली. आपल्याकडे ओळखीतल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, त्यामुळे लोक हो म्हणतात आणि मग टाळतात. नकार सोपा केला की जो होकार येतो तो खरा असतो. याउलट ‘भाऊ, गेमसाठी आर्टिस्ट पायजे, पैसे नाही पण नाव होईन’ असा मेसेज गावच्या ग्रुपवर टाकला तर ज्याला काम येतं तो दुर्लक्ष करतो. नाव होईल हे तुम्ही सांगू शकत नाही. नाव पडद्यावर येईल एवढंच तुमच्या हातात आहे.

मागायचं कुणाला? आपल्या भागात चित्रकला शिकलेली माणसं समजतो त्यापेक्षा जास्त आहेत. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना भेटा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालेली आणि हात चांगला असलेली मुलं कोणती, ते त्यांनाच ठाऊक असतं. नागपूर-अमरावतीला कला शाखेत शिकणारी गावची मुलं सुट्टीत घरी येतात. फोनवर इबिस पेंटमध्ये बोटानं काढणारी कितीतरी पोरं आहेत. पण बोर्ड रंगवणारे पेंटर आणि झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांचे पडदे रंगवणारे कलाकार यांना फुकट मागू नका. वडसा आणि आसपासच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतरच्या हंगामात त्यांना त्याच कामाचे पैसे देतात. त्यांच्याकडून एक पडदा करून घ्यायचा असेल तर दर विचारा आणि तेवढाच घ्या. गोंडी चित्रशैली हवी असेल तर ती ज्या समाजाची आहे त्यातल्या कलाकाराकडूनच, मोबदला देऊन करून घ्या. दुसऱ्या कुणाला ‘तसं काढून दे’ म्हणू नका. आणि केवळ ‘गावाकडचं’ दिसावं म्हणून वारली मागणं सोडा. ती पालघर-डहाणूकडची चित्रकला आहे, यवतमाळच्या शेतात तिचा काही संबंध नाही.

इथे एक खरी निवड आहे. वर मी पिक्सेलची मापं दिली कारण पिक्सेल आर्टला माप लावणं सोपं जातं आणि चित्रकार बदलला तरी काम जुळवून घेता येतं. पण लाकडी बैल रंगवणाऱ्या ताईंना १६ बाय ३२ च्या चौकटी भरायला लावणं म्हणजे त्यांच्या हातातली खुबी बाजूला ठेवणं. तुमच्या आसपास कागदावर रंगवणारी माणसं जास्त असतील तर गेमचं रूप त्यांच्यावरून ठरवा. बाजूचं दृश्य, तीन थरांची पार्श्वभूमी: मागे आकाश, मधे टेकडी आणि झाडं, पुढे धुरा. प्रत्येक थर वेगळ्या ए-४ कागदावर, आडवा, पोस्टर कलरमध्ये. पहिली मागणी तेव्हाही पाच तासांचीच, म्हणजे एकच थर. मेसेजातली आठ चित्रं आणि मापांचं पान त्यानुसार बदला.

कागदावरून फोनपर्यंत येताना काम बिघडतं ते असं. पुढचा थर पांढऱ्या कागदावर रंगवला आणि कडेनं कापून घेतला की पांढरी बारीक किनार राहते, आणि रात्रीच्या दृश्यात ती चमकते. म्हणून त्या कागदाला आधी मातकट रंगाचा एक हात द्यायला सांगा, तो वाळला की वर चित्र. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करताना दुकानदार सवयीनं कमी डीपीआयची पीडीएफ करून देतो. ३०० डीपीआय, रंगीत, पीएनजी किंवा टिफ असं आधीच सांगा, रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद करायला लावा आणि फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. ए-४ चा ३०० डीपीआय स्कॅन २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा येतो. तो पुरेसा आहे आणि ४०९६ च्या आत आहे. काही जुन्या फोनवर त्याहून मोठं चित्र चालत नाही. स्कॅनर नसेलच तर सकाळी दहाच्या सुमारास घराच्या सावलीत कागद सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन कागदाला अगदी समांतर धरून फोटो घ्या. उन्हात कागदाची चकाकी येते आणि ट्यूबलाइटखाली रंग बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर चित्र दाबलं जातं आणि बारीक रेषा फुटतात.

रात्रीसाठी वेगळी चित्रं मागू नका. सगळं दिवसाच्या उजेडात रंगवून घ्या आणि गोडोटमधल्या कॅनव्हासमॉड्युलेटनं पूर्ण दृश्याला निळसर काळी छटा द्या. बॅटरीच्या झोतासाठी पॉइंटलाइट-टूडी आहे. एकाच चित्रात संध्याकाळ, मध्यरात्र आणि पहाट तिन्ही मिळतात.

पिक्सेलच ठेवणार असाल तर मूळ पडदा ३२० बाय १८० ठेवा. चारपट केला की १२८० बाय ७२०, सहापट केला की १९२० बाय १०८०, दोन्ही पूर्णांकात बसतात. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टेक्स्चर फिल्टर ‘नियरेस्ट’ करा, नाहीतर चित्र धूसर दिसेल आणि दोष चित्रकाराच्या माथी जाईल. फोनवर काढणाऱ्यांना मऊ कडांचा ब्रश बंद करायला सांगा. सगळ्यात जास्त वाया जाणारं काम म्हणजे एकानं १६ पिक्सेलच्या मापात झाड काढलं, दुसऱ्यानं ६४ च्या मापात डुक्कर काढलं आणि तुम्ही ते छोटं करून शेजारी ठेवलं. दोन्ही चित्रं स्वतंत्रपणे सुंदर असतात, एकत्र विस्कटतात, आणि कुणाचं तरी काम टाकून द्यावं लागतं.

हे टाळायला शैलीचं एक पान लागतं, आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडे जेमतेम पाच हजार रुपये जमले तर ते इथेच खर्च करा. एका अनुभवी चित्रकाराकडून पैसे देऊन रंगांचा तक्ता, एक माणूस, एक झाड, जमिनीचा एक तुकडा आणि ‘असं करा, असं नको’ची चार जोडचित्रं करून घ्या. पुढे येणारा प्रत्येक जण त्यावरून काढेल. २०१२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ओपनगेमआर्ट यांनी मिळून ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ घेतला, तेव्हा आधी ३२ बाय ३२ च्या मापाचं शैलीपत्रक आणि पायाभूत चित्रं तयार केली आणि मगच लोकांना भर घालायला बोलावलं. अनोळखी लोकांची चित्रं एकमेकांशी जुळली ती त्या क्रमामुळे. ती चित्रं आजही वापरात आहेत आणि खुल्या परवान्याखाली असल्यानं तुम्हालाही मिळू शकतात. गेमसाठी मोफत चित्रं देणाऱ्या केनीच्या संकेतस्थळावरची सीसी झीरो परवान्याची चित्रं तर नाव न देताही वापरता येतात. झुडपं, दगड, बटणं अशा किरकोळ गोष्टी तिथून घ्या. स्वयंसेवकाचा वेळ फक्त त्या चित्रांसाठी वापरा जी जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. आपल्याकडची बंडी, गोफण, मचाण तयार मिळत नाहीत.

काम हातात आल्यावर तुमची वागणूक ठरवते की तोच माणूस दुसऱ्यांदा हो म्हणेल का. आधी कच्चं रेखाटन मागवा आणि जे काही बदल सांगायचे ते तिथेच सांगा. रंगवून झाल्यावर ‘डुक्कर थोडं बारीक पाहिजे होतं’ म्हणू नका. बदलांच्या दोन फेऱ्या, त्यापुढे जसं आहे तसं घ्या किंवा स्वतः दुरुस्त करा. रेखाटनाला दोन दिवसांच्या आत उत्तर द्या. अंतिम चित्र आलं त्याच दिवशी गेममध्ये बसवा आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ परत पाठवा. आपण काढलेली पऱ्हाटी वाऱ्यावर हलताना दिसली की चित्रकाराला जो आनंद होतो, तोच त्याचा मोबदला आहे, आणि तो द्यायला उशीर करू नका. मूळ फाइल, म्हणजे थर वेगळे असलेली, सोबत मागून ठेवा. सपाट पीएनजीत नंतर रंग बदलणंही अवघड जातं. फाइलनावं रोमन लहान अक्षरांत, मधे स्पेस न सोडता ठेवा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही पण एक्सपोर्ट केलेल्या गेमला पडतो, आणि संगणकावर दिसणारं चित्र फोनवर गायब होतं. चित्रकारांना गिट (फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) शिकायला लावू नका, ते तुमचं काम आहे. त्यांच्यासाठी ड्राइव्हचा एक फोल्डर पुरे. त्यांचा डेटा रिचार्ज, स्कॅनचा खर्च, रंगांचा खर्च तुम्ही भरा. वेळ फुकट मिळतोय, त्यावर पदरचा खर्चही त्यांनीच करावा हे बरं नाही.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकच मेसेज करा: ‘अडचण असेल तर हे काम मी दुसऱ्याला देतो, काही वाटून घेऊ नका.’ मग खरंच द्या. आणि वेळापत्रक बघून मागा. पेरणीच्या जूनमध्ये, धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस घरी येताना, फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षांत मुदत ठेवली तर ती पाळली जाणार नाही. कापूस वेचून आलेल्या हातांनी रात्री फ्रेम काढणं होत नाही. एप्रिल-मे आणि पोळ्यानंतरचे काही आठवडे त्यातल्या त्यात मोकळे असतात.

हक्कांचं काम कंटाळवाणं वाटेल, पण त्याला अर्धं पान पुरतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार असं विनामोबदला काढलेलं चित्र काढणाऱ्याच्या मालकीचं असतं; तुम्हाला पाठवलं म्हणून ते तुमचं होत नाही. मालकी मागू नका, वापरायची परवानगी मागा, आणि ती लेखी घ्या. परवानगीत मुदत आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर कायदा ५ वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर ठेवलेला गेम जगात कुठूनही उतरवता येतो, त्यामुळे हे दोन शब्द विसरू नका. सोपा मार्ग म्हणजे सीसी बाय ४.०, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा नाव देण्याच्या अटीवरचा खुला परवाना, त्यात जगभर आणि कॉपीराइट असेपर्यंत हे आधीच आलेलं आहे. पण चित्रकाराला स्पष्ट सांगा की हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही आणि नाव देऊन कुणीही ते चित्र वापरू शकतं, धंद्यासाठीसुद्धा. हे नको असेल तर ‘फक्त या गेमसाठी’ अशी साधी परवानगी घ्या. बिगरव्यापारी अटीचा सीसी बाय-एनसी टाळा: पुढे एखाद्या संस्थेनं गेम पैसे देऊन घ्यायचा म्हटलं तरी ते चित्र आडवं येतं. वय १८ पेक्षा कमी असेल तर सही आई-वडिलांची हवी, कारण अल्पवयीन मुलाचा करार कायद्यात टिकत नाही. चित्रकाराचं नाव लागण्याचा हक्क कलम ५७ नं वेगळा दिला आहे, आणि मालकी दुसऱ्याकडे गेली तरी तो चित्रकाराकडेच राहतो. नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारा. काहींना गावाचं नाव सोबत हवं असतं. एआयबद्दलही त्याच कागदावर एक ओळ लिहा, की त्यांची चित्रं कुठल्याही एआय साधनात टाकली जाणार नाहीत. चित्रकार हे विचारत नाहीत, पण त्यांच्या मनात ते असतं.

राहिला प्रश्न त्या तिघांच्या चित्रांचा, जी तुमच्या फोल्डरमध्ये पडून आहेत. ती तशीच वापरू नका. तिघांनाही वेगवेगळा मेसेज करा: कोणती चित्रं आहेत त्यांची यादी, ती गेममध्ये नावासह ठेवायला परवानगी आहे का हा प्रश्न, आणि पुढे काही काम मागणार नाही हे वाक्य. बरेच जण याला लगेच उत्तर देतात, कारण आता त्यांच्याकडून काही येणं राहिलेलं नाही. ज्याचं उत्तर येणार नाही त्याची चित्रं काढून तिथे राखाडी चौकट परत टाका, आणि नव्या चित्रकाराला पाठवायचा व्हिडिओ त्यानंतरच रेकॉर्ड करा.